रंगवणाऱ्या हाताचे मोल : लघुमूर्तींचा संग्रह आणि त्यांची बदलती बाजारपेठ

लघुमूर्ती म्हणजे धातू, प्लास्टिक किंवा रेझिन यांची ओतीव, बहुधा तीन ते नऊ सेंटीमीटर उंचीची आणि हाताने रंगवलेली मानवाकृती. युरोपात गेली अडीचशे वर्षे ती खेळणे, इतिहासाभ्यासाचे साधन आणि संग्राह्य कलावस्तू अशा तिन्ही नात्यांनी वावरत आली आहे. तिच्या निर्मितीत दोन वेगळी कामे एकत्र येतात: मूळ आकृती घडवून साच्यातून तिच्या प्रती काढणे हे एक, आणि त्या प्रत्येक प्रतीवर कुंचल्याने रंग चढवणे हे दुसरे. पहिल्या कामाचा खर्च प्रती वाढतील तसा नगामागे उतरत जातो; दुसऱ्याला ही सवलत नाही, कारण हजारावी मूर्ती रंगवायलाही जवळजवळ पहिलीइतकाच वेळ लागतो. या कलेच्या बाजारपेठेचा इतिहास हा बव्हंशी या दोन कामांच्या परस्पर किमतींचा इतिहास आहे. आज आकृती कधी नव्हती इतकी सुलभ झाली आहे आणि तिच्यावरचा रंग हीच खरी दुर्मीळ गोष्ट उरली आहे. तरीही रंगवणाऱ्याच्या नावाची नोंद ठेवण्याची आणि त्याच्या कामाची समीक्षा करण्याची परंपरा या क्षेत्रात अजून रुजलेली नाही, ही या कलेच्या सद्यःस्थितीतील सर्वांत मोठी उणीव होय.

या परंपरेचा उगम जर्मनीतील न्यूरेंबर्गच्या कथिलाच्या कारागिरीत सापडतो. १७७० च्या दशकात हिल्पर्ट या कारागिराने कथिलाच्या चपट्या, दोन्ही बाजूंनी कोरलेल्या आकृत्यांना नाव मिळवून दिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाइनरिखसेन यांच्या कारखान्याने रूढ केलेली तीस मिलिमीटरची उंची पुढे अशा आकृत्यांचे प्रमाण माप ठरली. हा माल वजनावर विकला जाई आणि त्याचे रंगकाम बायका-मुले घरी बसून करीत. वास्तविक चपट्या आकृतीला स्वतःची गोलाई नसते. गालाचा उंचवटा, बाहीची चुणी किंवा घोड्याच्या पोटाचा घेर हे सारे रंगाच्या छटांनीच भासवावे लागते, म्हणून गंभीर संग्राहकांसाठी रंगवलेली चपटी मूर्ती चित्रकलेच्या फार जवळ जाते. जर्मनीतील कुल्मबाख येथे प्लासेनबुर्ग किल्ल्यातल्या संग्रहालयात अशा आकृत्यांचा प्रचंड साठा देखाव्यांच्या रूपाने मांडलेला आहे. शिल्पापेक्षा रंगकामावर प्रतिमेची सारी भिस्त असूनही ती रंगवणारी बहुतेक माणसे अनामच राहिली, हा विरोधाभास या कलेत आरंभापासून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारपेठेचे केंद्र लंडनकडे सरकले. विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची पद्धत आणली. या पद्धतीत वितळलेला धातू साच्यात ओतून, बाहेरचा थर थिजताच आतला पातळ धातू पुन्हा ओतून काढला जातो, त्यामुळे मूर्तीचे केवळ कवच उरते आणि महागडे मिश्रण पुष्कळ वाचते. ड्रेस्डेनच्या हाइड आणि पॅरिसच्या मिन्यो या नामांकित कारखान्यांच्या भरीव सैनिकांपेक्षा हे सैनिक हलके आणि स्वस्त पडत. लाल कागदाने मढवलेल्या खोक्यात पायदळाचे आठ किंवा घोडदळाचे पाच नग, ही त्यांची मांडणी पुढे अनेक दशके ओळखीची राहिली. त्यांची चोपन्न मिलिमीटर ही उंचीही रुळली आणि आजही अनेक संग्रहांचा पाया त्याच मापाचा आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकाने याच सैनिकांना जमिनीवरच्या युद्धखेळाचे नियम दिले.

ब्रिटन यांच्या यादीत साम्राज्यातल्या हिंदी पलटणींना लवकर जागा मिळाली. एकोणिसावे शतक संपण्यापूर्वीच त्यांनी ‘फर्स्ट बॉम्बे लान्सर्स’ हा सहासष्ट क्रमांकाचा आणि ‘सेकंड बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री’ हा अडुसष्ट क्रमांकाचा संच काढला, आणि मुंबई इलाख्याच्या फौजेतील स्वार व शिपाई अशा रीतीने इंग्रज मुलांच्या खेळात जाऊन पोचले. त्या काळच्या अशा मूर्तीचे रंगकाम जवळून पाहिले की त्याची शिस्त ध्यानात येते. प्रत्येक रंग एका सपाट, तकतकीत थरात भरलेला असतो. चेहऱ्याला एकच वर्ण, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके आणि मिशीसाठी कुंचल्याचा एक ओझरता फटकारा, एवढ्यावर माणूस उभा केलेला असतो. छटा नाहीत आणि सावल्याही नाहीत. तरी पट्ट्याची सरळ रेघ जिथे वळणावर किंचित जाड होते किंवा एखाद्या स्वाराची मिशी शेजाऱ्याच्या मिशीपेक्षा जरा वर चढलेली असते, तिथे नगावर मजुरी घेऊन कारखान्यात किंवा घरी काम करणाऱ्या स्त्रीचा हात प्रत्यक्ष दिसतो. या स्त्रियांची नावे ना खोक्यावर आली, ना यादीत.

शिशाच्या विषारीपणाची चिंता आणि प्लास्टिकची स्पर्धा यांमुळे १९६६ मध्ये ब्रिटन यांचे पोकळ सैनिक बंद झाले आणि तेव्हापासून जुन्या सैनिकांची खरी संग्राहक-बाजारपेठ आकाराला आली. जेम्स ओपी यांच्यासारख्या जाणकारांनी संचांच्या आवृत्त्या, तळांचे आकार आणि रंगांतले फरक यांची काटेकोर वर्गवारी केली. लिलावगृहांनी खेळण्यांच्या सैनिकांसाठी स्वतंत्र विक्री सुरू केली. अमेरिकी प्रकाशक माल्कम फोर्ब्स यांनी मोरोक्कोतील टँजिअर येथे आपल्या वाड्यात अशा सैनिकांचे संग्रहालयच उभारले होते, ते त्यांच्या पश्चात मोडले आणि त्यातल्या मूर्ती लिलावांतून जगभर पांगल्या. या बाजारपेठेचा पहिला नियम असा की मूळ रंग शाबूत असला पाहिजे. मोडका हात जोडलेला किंवा नव्याने रंगवलेला सैनिक कितीही देखणा असला तरी त्याची किंमत झपाट्याने खाली येते आणि मूळ खोके व त्यावरची चिठ्ठी टिकून असेल तर ती तितकीच चढते. येथे रंगाची किंमत होते ती पुरावा म्हणून. तो रंग कोणी लावला, हा प्रश्न या बाजाराला पडतच नाही.

याच्या अगदी उलट नियमावर दुसरी परंपरा उभी राहिली. १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये लघुसैनिकांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली, त्या सुमारास काही कारागीर मुलांकडे पाठ फिरवून थेट जाणत्या संग्राहकांसाठी मूर्ती घडवू लागले. रिचर्ड कोर्टने यांनी शतवार्षिक युद्धातील सरदारांच्या मूर्ती त्यांच्या ढालींवरील व झुलींवरील कुलचिन्हांसह रंगवल्या. चार्ल्स स्टॅडन यांनी निरनिराळ्या सैन्यांचे गणवेश अभ्यासपूर्वक उभे केले. पॅरिसमध्ये मादाम मेतेये यांच्यासारख्यांनी नेपोलियनच्या फौजेला वाहून घेतले. कोर्टने यांचे साचे पुढे पीटर ग्रीनहिल यांच्याकडे आले आणि त्यांनी त्याच मूर्ती आपल्या हाताने रंगवायला घेतल्या, त्यामुळे एकाच साच्यातल्या दोन मूर्ती कोर्टने यांच्या रंगातल्या आणि ग्रीनहिल यांच्या रंगातल्या म्हणून वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या. साचा तोच असताना हात बदलला की वस्तू बदलते, हे तत्त्व येथे पहिल्यांदा बाजाराने मान्य केले. लघुमूर्ती खेळण्याच्या कक्षेतून कलेच्या कक्षेत आली ती या टप्प्यावर.

या तत्त्वाला अमेरिकेत सौंदर्यदृष्टीची जोड मिळाली. शिकागोचे शेपर्ड पेन यांनी एकट्या मूर्तीकडून देखाव्याकडे, म्हणजे ठरावीक कोनातून आणि योजलेल्या उजेडात पाहायच्या बंदिस्त प्रसंगाकडे लक्ष वळवले, आणि आपले तंत्र पुस्तकांतून मोकळेपणाने शिकवले. शिकागोच्या मंडळींशी निगडित असलेली परीक्षणाची खुली पद्धतही तितकीच महत्त्वाची ठरली. या पद्धतीत स्पर्धकांना एकमेकांविरुद्ध उभे न करता प्रत्येकाचे काम ठरवलेल्या दर्जाशी ताडून पाहिले जाते, त्यामुळे सुवर्ण, रौप्य किंवा कांस्य पदक कितीही जणांना मिळू शकते. शिल्पकार आणि चित्रकार अशा दोन्ही नात्यांनी काम करणारे बिल होरान याच वातावरणातले. इंग्लंडमधील फोकस्टन येथे भरणारे ‘युरो मिलिटेअर’ प्रदर्शन अनेक वर्षे युरोपातील चित्रकारांचे भेटीचे ठिकाण होते. आज नेदरलँड्समधील ‘स्केल मॉडेल चॅलेंज’ आणि इटलीतील मॉन्टे सान साविनो येथील प्रदर्शन ही परंपरा चालवतात.

या दर्जाच्या रंगकामात नेमके काय घडते, हे एका चेहऱ्यावरून समजते. चोपन्न मिलिमीटरच्या मूर्तीचा चेहरा करंगळीच्या नखाहून लहान असतो. प्रथम त्यावर अस्तराचा पातळ, एकसंध थर दिला जातो, म्हणजे पुढचा रंग धातूला धरून राहतो. मग कातडीच्या मधल्या छटेचा रंग येतो आणि चित्रकार उजेड डोक्यावरून पडतो आहे असे मानून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड व खालचा ओठ पायरीपायरीने उजळतो आणि भुवईखालची खोबण, नाकाखालची जागा व जबड्याची कड गडद करतो. तैलरंग उशिरा सुकतात, म्हणून दोन छटांची सीमा कोरड्या कुंचल्याने पुसट करता येते. ॲक्रिलिक रंग लगेच सुकतात, म्हणून तेथे पाण्यासारखे पातळ थर एकावर एक चढवून तोच परिणाम साधावा लागतो. डोळ्यात पांढरा रंग शुद्ध वापरला तर मूर्ती घाबरलेली दिसते, त्यामुळे तो करडा किंवा मातकट करून घेतात आणि बुबुळ वरच्या पापणीला टेकवून किंचित एका बाजूला ठेवतात, जेणेकरून नजरेला दिशा मिळते. हे इवलेसे निर्णय चुकले तर बाकीचा गणवेश कितीही बिनचूक असला तरी मूर्ती निर्जीव राहते आणि संग्राहकाने पारखायचे असते ते मुख्यतः हेच.

दरम्यान एका वेगळ्या दिशेने बाजारपेठ विस्तारली. १९७५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे नॉटिंगहॅमला स्थिरावलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८३ पासून ‘वॉरहॅमर’ या कल्पित जगातल्या युद्धखेळाभोवती मूर्तींचा व्यवसाय वाढवला. या मूर्ती सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर उंचीच्या, आणि मुख्य म्हणजे न रंगवता विकल्या जाणाऱ्या आहेत. रंग खेळाडूने स्वतः द्यायचा असतो. त्यामुळे जगभर लाखो हौशी चित्रकार तयार झाले आणि १९८७ मध्ये कंपनीने सुरू केलेल्या ‘गोल्डन डीमन’ या स्पर्धेने त्यांतल्या निवडकांना नाव मिळवून दिले. डिसेंबर २०२४ मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात दाखल झाली, यावरून या छंदामागच्या अर्थकारणाचा आवाका कळतो. ज्यांना हौस आहे पण वेळ किंवा हातोटी नाही, अशा खेळाडूंसाठी मागणीबरहुकूम सैन्य रंगवून देणारे व्यावसायिक पुढे आले. त्यांचे दर पायरीपायरीने चढतात: मेजावर हातभर अंतरावरून चांगली दिसावी इतपत रंगवलेली मूर्ती, नायकासाठी अधिक बारकाईने केलेले काम आणि काचेच्या कपाटात ठेवण्याजोगी एकमेव कलाकृती. याखेरीज निर्मात्याच्या खोक्यावर छापण्यासाठी नमुना रंगवून देण्याचे, म्हणजे ‘बॉक्स आर्ट’चे, कामही चित्रकाराला नाव आणि मोबदला देते.

कल्पित विषयाने चित्रकाराला इतिहासाच्या बंधनातून सोडवले, त्याबरोबर शैलीही बदलली. फ्रान्समधील रॅकहॅम या कंपनीच्या मूर्तींवर जेरेमी बोनामां तेबूल यांच्यासारख्या चित्रकारांनी केलेल्या कामामुळे एनएमएम या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्वत्र पसरली. या पद्धतीत चकाकणारा धातूचा रंग न वापरता, करड्या, निळसर आणि पांढऱ्या छटांनी पोलादाची आणि तपकिरी-पिवळ्या छटांनी सोन्याची झळाळी रंगवली जाते. तलवारीच्या पात्यावर गडद पट्ट्याला लागूनच शुभ्र रेघ ओढली की पाते चमकल्याचा भास होतो. रशियाचे किरिल कनायेव आणि स्पेनचे आंखेल हिराल्देथ यांच्या पिढीने अशा भासचित्रणाला फार उंचीवर नेले आणि शिकागोजवळच्या एका मेळाव्यात २०११ पासून काही वर्षे दिल्या गेलेल्या ‘क्रिस्टल ब्रश’ या पुरस्काराची सर्वोच्च रक्कम दहा हजार डॉलर होती. मात्र या शैलीचे एक वैगुण्य गंभीरपणे तपासले पाहिजे. रंगवलेली झळाळी एकाच कोनातून खरी वाटते. मूर्ती फिरवली की खरा उजेड हलतो, पण रंगवलेला हलत नाही. बहुतेक खरेदी छायाचित्रावरून होऊ लागल्यापासून चित्रकार नकळत कॅमेऱ्यासाठी रंगवू लागले आहेत आणि छटांमधला तीव्र विरोध, भडक कडा व मूर्तीवरच्याच मशालीचा रंगीत उजेड यांचा अतिरेक वाढला आहे. सर्व बाजूंनी पाहण्याची वस्तू एका चौकटीपुरती रंगवली गेली तर तिच्या त्रिमितीय अस्तित्वालाच बाध येतो, आणि ज्या समीक्षेने हे ठणकावून सांगायला हवे ती समीक्षा या क्षेत्रात जवळजवळ नाही.

दुसरीकडे, तयार रंगवलेल्या मूर्तींचे उत्पादन आशियात गेले. १९८४ मध्ये हाँगकाँगमध्ये स्थापन झालेल्या ‘किंग अँड कंट्री’ने तकतकीत रंगाऐवजी मॅट रंग आणि अधिक वास्तवदर्शी छटा आणल्या, नंतर आलेल्या ‘फर्स्ट लीजन’ने चीनमधील कारखान्यात हाताने रंगवलेल्या मूर्तींचा दर्जा इतका वर नेला की मध्यम प्रतीच्या स्वतंत्र चित्रकाराला त्या किमतीत टिकणे कठीण झाले. स्पेनच्या ‘डेल प्राडो’ने तर रंगवलेले धातूचे सैनिक मासिकांसोबत वृत्तपत्रांच्या स्टॉलवर आणले आणि २००० पासून अमेरिकी ‘विझकिड्स’ने प्लास्टिकच्या रंगीत मूर्ती बंद पाकिटांतून विकल्या. युद्धखेळाची सैन्ये रंगवून देणाऱ्या कार्यशाळा श्रीलंकेतही चालतात. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर सेंट पीटर्सबर्गमध्ये मात्र वेगळे घडले: कलाशिक्षण घेतलेल्या चित्रकारांनी मध्ययुगीन योद्ध्यांच्या ढालींवर आणि झग्यांवर लघुचित्रासारखे नक्षीकाम केले, आणि पाश्चात्त्य संग्राहकांनी त्यासाठी एकेका मूर्तीमागे शेकडो डॉलर मोजले. स्वस्त मजुरी आणि उच्च कौशल्य या दोन्ही वाटांनी रंगकाम पूर्वेकडे आले, पण कारखान्यातून येणाऱ्या मूर्तीवर आराखड्याचे नाव एकाचे आणि रंगवणारे हात अनेकांचे, ही लंडनची जुनी रीत बव्हंशी तशीच राहिली.

गेल्या दशकात थ्रीडी प्रिंटिंगने उरलेले समीकरणही बदलले. अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमधून थरावर थर रचून मूर्ती घडवणारी यंत्रे २०१८ नंतर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली. शिल्पकार आता संगणकावर मूर्ती घडवून तिची फाइल विकतो आणि खरेदीदार ती घरी छापतो. साचा, ओतकाम, साठवण व टपालखर्च हे सारे वगळले गेल्यामुळे शिल्पाची विविधता प्रचंड वाढली, आणि परवानगीविना प्रती काढण्याचा प्रश्नही वाढला. मात्र यंत्रातून येणारी मूर्ती एकरंगी असते. परिणामी पूर्वी आकृती, तिचा कारखाना आणि तिची दुर्मीळता यांत विभागलेली किंमत आता जवळजवळ पूर्णपणे रंगकामात साठते. एकच फाइल दहा देशांत छापली जाऊन दहा चित्रकार ती रंगवतात तेव्हा त्या दहा मूर्तींत वेगळे म्हणून जे काही असते ते त्यांच्या हातांचे असते. एकेकाळी मोजक्या जाणकारांपुरते असलेले कोर्टने-ग्रीनहिल तत्त्व आता सर्व बाजाराला लागू झाले आहे.

बाजार मात्र या बदलासाठी तयार नाही. पुनर्विक्रीत मूर्तीवर सर्रास ‘प्रो पेंटेड’, म्हणजे व्यावसायिकाने रंगवलेली, असा शिक्का असतो, पण तो शिक्का कोणी लावावा आणि त्याचा किमान दर्जा काय, याचे कोणतेही सर्वमान्य माप नाही. पैसे घेऊन घाईने रंगवलेले सैन्य आणि महिनाभर खपून घडवलेली मूर्ती यांना तो सारखाच लागतो. शिवाय संग्राहकांची जुनी पिढी वृद्ध होत चालल्याने मोठे संग्रह एकाच वेळी बाजारात येत आहेत. जुन्या सैनिकांचे नेहमीचे संच पूर्वीच्या दरांना उठत नाहीत आणि निवडक दुर्मीळ संचच भाव टिकवून आहेत. जतनाचा प्रश्नही आहेच. ओकच्या लाकडाच्या कपाटातून किंवा निकृष्ट पुठ्ठ्यातून निघणारी आम्लाची वाफ शिशावर चढून त्याची पांढरी भुकटी करते, जिला संग्राहक ‘लेड रॉट’ म्हणतात. रेझिन उन्हाने ठिसूळ व पिवळे होते आणि काही रंगद्रव्ये उजेडात विटतात. कोणते रंग, कोणते अस्तर आणि कोणते वार्निश वापरले याची नोंद नसेल तर पन्नास वर्षांनी दुरुस्ती करणाऱ्याला अंधारात चाचपडावे लागेल.

अनामिकतेची ही किंमत महाराष्ट्राच्या वाचकालाही परकी नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णनगर आणि लखनौप्रमाणे पुण्यातही व्यवसाय व जातीजमाती दाखवणाऱ्या रंगीत मातीच्या छोट्या मूर्ती घडत आणि युरोपीय खरेदीदारांमार्फत त्या विलायतेत जात. आज त्यांतल्या बहुतेकांबद्दल गाव आणि अंदाजे काळ यांपलीकडे काही सांगता येत नाही, कारण विकत घेणाऱ्याला वस्तू हवी होती, करणाऱ्याचे नाव नको होते. आज लघुमूर्ती विकत घेणाऱ्याला तीच चूक टाळण्याची पुरेपूर सोय उपलब्ध आहे. तळाच्या खालच्या बाजूस चित्रकाराचे नाव व साल लिहून घेणे, शिल्पकाराचे आणि चित्रकाराचे श्रेय वेगवेगळे नोंदवणे, वापरलेल्या साहित्याची माहिती मूर्तीसोबत ठेवणे आणि चारही बाजूंची छायाचित्रे जपणे, यासाठी फारसा खर्च येत नाही; कारखान्यांकडूनही रंगवणाऱ्यांची नावे मागणे हा संग्राहकाचा अधिकार आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे छटांची सफाई आणि रेघेचा बारकावा यांवर थांबणारे कौतुक पुरेसे मानता कामा नये. मूर्तीतल्या माणसाला स्वभाव मिळाला आहे का, उजेडाची कल्पना सर्व बाजूंनी टिकते का, रंगयोजना विषयाचा अर्थ वाढवते की केवळ लक्ष वेधते, हे प्रश्न विचारणारी समीक्षा हवी. रंगवणारा हात ओळखण्याची आणि त्याला नावानिशी मान देण्याची सवय संग्राहकांनी लावून घेतली तरच आजची मुबलकता कलेच्या इतिहासात रूपांतरित होईल. ती लावली नाही तर उद्याच्या लिलावांत या काळातले सर्वोत्तम कामही केवळ उंची, साहित्य आणि स्थिती यांच्या नोंदीखाली विकले जाईल.